‘फ्रँकेन्स्टाईन: द ट्रू स्टोरी’ (१९७३) नीट कसा बघायचा

सगळ्यात आधी लांबी बघा. प्ले दाबायच्या आधी पिक्चर किती मिनिटांचा दाखवतायत ते बघा आणि आकडा दोन तासांच्या आसपास असेल तर तिथेच थांबा, दुसरी कॉपी शोधा. हा पिक्चर मुळात तीन तासांचा आहे. अमेरिकेत एनबीसी या टीव्ही चॅनेलवर ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर १९७३ असा दोन रात्रींत दाखवला होता, आणि मग युरोपात थिएटरला लावायचा म्हणून कापून जवळपास दोन तासांवर आणला. कापलेल्यातही गोष्ट कळते, नाही असं नाही, पण या पिक्चरची सगळी ताकद एका गोष्टीत आहे, एक माणूस दुसऱ्यावर जीव टाकतो आणि मग हळूहळू त्याला टाळायला लागतो, आणि हे ‘हळूहळू’च कापलं तर उरतं काय? तर पूर्ण व्हर्जनच बघा. २०२० मध्ये स्क्रीम फॅक्टरीने ब्लू-रे काढली त्यात पूर्ण आहे, ती मिळाली तर सोनं.

आता हा नक्की कुठला फ्रँकेन्स्टाईन ते सांगते, कारण या नावाचे इतके पिक्चर आहेत की गोंधळ होणारच. डायरेक्टर जॅक स्माइट, शूटिंग इंग्लंडात पाइनवुड स्टुडिओत, आणि स्क्रिप्ट लिहिली क्रिस्टोफर इशरवुड आणि त्याचा आयुष्याचा जोडीदार डॉन बकार्डी यांनी. इशरवुड म्हणजे ज्याच्या बर्लिनच्या गोष्टींवरून पुढे ‘कॅबरे’ झाला तो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन झालाय लेनर्ड व्हायटिंग, जो १९६८ च्या ‘रोमियो अँड ज्युलिएट’मध्ये रोमियो होता, आणि क्रीचर, म्हणजे व्हिक्टरने बनवलेला जीव, झालाय मायकल सॅराझिन. बाकीची नावं बघितली तर डोळे फिरतील, जेम्स मेसन, डेव्हिड मॅककॅलम, जेन सिमूर, राल्फ रिचर्डसन, जॉन गिलगुड, मार्गारेट लेटन, अ‍ॅग्नेस मूरहेड, अगदी टॉम बेकरसुद्धा जहाजाच्या कॅप्टनच्या रोलमध्ये. एवढं सगळं असून नाव घेतलं की लोक विचारतात, हा कुठला?

विसरला का गेला याची दोन कारणं मला दिसतात. एक तर हा टीव्हीसाठी केलेला, आणि टीव्हीवरचं त्या काळात एकदा दाखवलं की गेलं. दुसरं कारण त्याचं नाव. ‘द ट्रू स्टोरी’ म्हटल्यावर पुस्तक वाचलेले लोक कादंबरी हातात घेऊन तपासायला बसले, की हे कुठाय आणि ते का बदललं, आणि बदललेलं तर खूपच आहे, मग त्यांनी नापास करून टाकला. तर पहिली सूचना हीच, नाव डोक्यातून काढून टाका. मेरी शेलीच्या कादंबरीवर विचार करणारा पिक्चर म्हणून बघा, म्हणजे जे बदललंय तेच महत्त्वाचं वाटायला लागेल.

तयारी फार लागत नाही. पुस्तक अख्खं वाचायची गरज नाही, पण चौथं आणि पाचवं प्रकरण तेवढं वाचा, जिथे व्हिक्टर क्रीचर घडवतो आणि त्यात जीव येतो. पुस्तकात काय होतं, व्हिक्टरने सगळे अवयव मुद्दाम देखणे निवडलेले असतात, केस काळेभोर, दात मोत्यासारखे, पण अंगावरची कातडी पिवळट आणि ओठ काळे, आणि डोळे उघडल्या क्षणी त्याला इतकी किळस येते की तो खोलीतून पळून जातो. म्हणजे पुस्तकात तिरस्कार पहिल्या मिनिटापासून आहे. हे वाचून ठेवा कारण पिक्चरने नेमकं इथेच सगळं उलटं केलंय. १९३१ चा बोरिस कार्लोफवाला बघितला असेल तर उत्तम, नसेल बघितला तरी ते सपाट डोकं आणि मानेतले बोल्ट डोळ्यांसमोर असतातच, तेवढं पुरे.

जेम्स मेसनचा एक प्रोलॉग आहे, तो तुमच्या कॉपीत असेल तर सोडा. तो लंडनच्या सेंट जॉन्स वुडच्या चर्चयार्डात फिरत प्रस्तावना करतो आणि मेरी शेलीची कबर म्हणून एक दगड दाखवतो. एक तर तिची कबर तिथे नाहीच, ती बोर्नमथला सेंट पीटर्सच्या आवारात आहे, आणि दुसरं म्हणजे त्यातच पुढचे सीन दाखवून मोकळे होतात. सरळ पुढे ढकला.

आणि दोन रात्रींत बघा, एका बैठकीत नको. तो तसाच लिहिलेला आहे, पहिला भाग व्हिक्टर आणि क्रीचर यांचा, दुसरा भाग पॉलिडोरी आणि प्रायमाचा, ही दोघं कोण ते पुढे सांगते. मध्ये एक रात्र गेली की पहिल्या भागातला तो देखणा पोरगा मनात राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा बघताना जास्त लागतं. एका दमात बघितलं तर दुसऱ्या भागात तुम्ही थकलेले असता आणि तोच भाग जरा वेडावाकडा आहे, तिथे डोकं ताजं पाहिजे.

इथून पुढे गोष्ट सांगणार आहे, शेवट सोडून. ज्यांना काहीच माहिती नको त्यांनी आता जाऊन बघा आणि मग परत या.

पहिल्या रात्री लक्ष कशावर ठेवायचं? व्हिक्टरवर. मॉन्स्टर पिक्चर बघताना आपली नजर आपोआप मॉन्स्टरवर जाते, मेकअप कसाय, कधी अंगावर येणार, वगैरे. इथे ती सवय मोडायला लागते. प्रत्येक सीनमध्ये व्हिक्टर क्रीचरकडे कसा बघतोय, किती वेळ बघतोय, आणि कधी नजर काढून घेतोय, एवढंच धरून बसा. मी तर म्हणेन पिक्चर समजायची हीच किल्ली आहे आणि बाकी काही नाही केलं तरी चालेल.

सुरुवात होते मृत्यूने. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम बुडून जातो आणि व्हिक्टरला मृत्यूचाच राग येतो, देवाचाही. मग त्याला हेन्री क्लर्व्हल भेटतो. पुस्तकातला क्लर्व्हल हा साधा, कवी मनाचा मित्र आहे, त्याला प्रयोगाबद्दल काही माहितीच नसते. इथे मॅककॅलमने केलेला क्लर्व्हल म्हणजे अर्धवट झपाटलेला सायंटिस्ट, मूळ डोकं त्याचंच, सूर्याच्या ऊर्जेने मेलेलं जिवंत करायचं हे त्याने शोधलेलं. वीज नाही बरं का, सूर्य! हे लक्षात ठेवा कारण विजेला या पिक्चरने वेगळं काम दिलंय आणि ते शेवटाकडे येतं. एक फुलपाखराचा सीन आहे, मेलेलं फुलपाखरू पुन्हा पंख हलवायला लागतं आणि एलिझाबेथ, व्हिक्टरची होणारी बायको, ते बायबलने चिरडते. बरेच लोक त्याच्यावरून तिला खलनायिका ठरवून टाकतात, मला नाही पटत. ती घाबरलेली आहे, आणि तिला जे दिसतंय ते व्हिक्टरला दिसत नाहीये.

प्रयोगाच्या आधी क्लर्व्हलला कळतं की आधी जिवंत केलेला एक हात सडायला लागलाय. म्हणजे प्रयोग टिकत नाही. हे व्हिक्टरला सांगायच्या आतच तो हार्टने जातो. आणि व्हिक्टर काय करतो, आपल्या मित्राचाच मेंदू काढून क्रीचरमध्ये बसवतो. हा भाग पटकन जातो पण इथे थांबा, पाहिजे तर पॉज करा आणि नीट समजून घ्या, की पुढे जो देखणा तरुण टेबलवरून उठणार आहे त्याच्या डोक्यात क्लर्व्हल आहे, आणि त्याच्या अंगात तो रोग आधीपासूनच आहे. दोन्ही गोष्टी आपल्याला माहिती. रोगाचं व्हिक्टर आणि क्रीचर दोघांपैकी कुणालाच माहिती नाही.

मग तो उठतो. आणि तो सुंदर आहे. सॅराझिनचे ते मोठे मोठे डोळे, लहान मुलासारखा चेहरा. व्हिक्टर पळून जात नाही, हरखून जातो. त्याला बोलायला शिकवतो, कपडे चढवतो, लंडनच्या उंची मंडळींत घेऊन जातो, ऑपेराला नेतो. हा जवळजवळ प्रेमकथेचा भाग आहे आणि तसाच बघायचा. इशरवुड आणि बकार्डी स्वतः एक जोडपं होते हे लक्षात घेतलं तर या सीन्समधला जिव्हाळा आणि एलिझाबेथची घुसमट दोन्ही जास्त उघड होतात. १९७३ च्या अमेरिकन टीव्हीवर घराघरांत हे दाखवलं गेलं याचंच मला अजून आश्चर्य वाटतं.

आता जवळून बघायची एक गोष्ट सांगते, आरसे. आधी क्रीचरला स्वतःचा चेहरा आवडतो, आरसा म्हणजे त्याच्यासाठी मौज. मग त्वचेवर पहिली खूण दिसते, इतकी छोटी की आपल्याला वाटतं प्रिंटमध्येच काहीतरी डाग असेल. व्हिक्टरला दिसते. आणि तो आरसे नाहीसे करायला लागतो. यात क्रूरपणा कुठेही ओरडून सांगितलेला नाही, उलट वरवर काळजीच वाटते, त्याला वाईट वाटू नये म्हणून, पण व्हिक्टरचा चेहरा बघा, त्याला स्वतःला सहन होत नाहीये. बोलणं तुटक होतं, हात लावणं बंद होतं, दार लावून घेणं सुरू होतं. आणि क्रीचरला कळतच नाही की माझं काय चुकलं. मेकअप रॉय अ‍ॅश्टनचा आहे, हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या हॉरर पिक्चर्सचं कितीतरी काम त्याचं, आणि इथे त्याने केलेलं कौतुकाचं काम म्हणजे चेहरा एकदम बदलत नाही, पायरी पायरीने उतरत जातो. शेवटपर्यंत त्या चेहऱ्यात मूळचा पोरगा दिसत राहतो. म्हणूनच तर त्रास होतो.

तो चेहरा कितपत बिघडलाय आणि त्याला मिळणारी वागणूक कितपत बिघडलीय, हे दोन्ही सोबत तोलत रहा. वागणूक कायम दोन पावलं पुढे असते. चेहरा जेवढा वाईट नाही तेवढी वागणूक वाईट होऊन बसते. हे मला पुस्तकापेक्षाही जास्त टोचतं, कारण पुस्तकात व्हिक्टरने त्याला कधी जवळ घेतलेलंच नसतं, इथे घेतलं होतं आणि मग ढकललं. क्रीचर कड्यावरून समुद्रात उडी मारतो, आणि मरतही नाही. पहिली रात्र साधारण याच्या आसपास थांबवली तर उत्तम.

दुसऱ्या रात्री सुरुवातीला आंधळ्या म्हाताऱ्याचा भाग आहे, लेसी, राल्फ रिचर्डसनने केलेला. बऱ्याच फ्रँकेन्स्टाईनमध्ये हा येतो, तेव्हा फार सांगत बसत नाही, फक्त त्याच्या घरातल्या अ‍ॅगाथाचा चेहरा नीट लक्षात ठेवा. जेन सिमूर. तिच्या मरणानंतर क्रीचर तिचं प्रेत उचलून व्हिक्टरच्या जुन्या लॅबमध्ये घेऊन येतो आणि तिथे त्याला भेटतो पॉलिडोरी.

जेम्स मेसनचा पॉलिडोरी. हे नाव खऱ्या माणसाचं, जॉन पॉलिडोरी हा इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर, १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी जिथे भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली आणि मेरीला ही कल्पना सुचली तिथे तोही होता, आणि पुढे १८१९ मध्ये त्याची व्हॅम्पायरची गोष्ट छापून आली. इशरवुडने त्याला उचलून मेरीच्याच गोष्टीत घुसवलंय. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मधला डॉक्टर प्रिटोरियस ज्यांना माहिती आहे त्यांना पॉलिडोरीमध्ये त्याची सावली लगेच दिसेल. पण मेसन जास्त थंड आहे. त्याचे हात बघा. निकामी झालेले हात आहेत त्याचे, ज्ञान सगळं डोक्यात आहे पण स्वतःच्या हाताने काही करता येत नाही म्हणून त्याला व्हिक्टरचे हात लागतात. तो व्हिक्टरला धमकावतो, गोडीत घेतो, संमोहन वापरतो, आणि कामाला लावतो. तुम्ही पहिल्या भागातले व्हिक्टरचे हात आठवा, क्रीचरला घास भरवणारे, कॉलर नीट करणारे, आणि आता तेच हात दुसऱ्याच्या हुकमाने चालतायत. पॉलिडोरीच्या चिनी नोकरांचं चित्रण मात्र जुन्या साच्यातलं आणि खटकणारं आहे, तेवढं मनाची तयारी ठेवून बघा, त्याची सफाई देण्यात अर्थ नाही.

प्रायमा म्हणजे अ‍ॅगाथाचं डोकं वापरून बनवलेली बाई, पुन्हा जेन सिमूरच. पुस्तकात व्हिक्टर दुसरी बाई अर्धवट असतानाच फाडून टाकतो, ती कधी जगतच नाही. इथे ती जगते, बोलते, नाचते. आणि सिमूरचं काम फार छान आहे, अ‍ॅगाथा जितकी सरळ तितकी ही आतून रिकामी आणि हुशार. मांजराबरोबर ती कशी वागते ते बघा म्हणजे पहिल्याच झटक्यात समजेल की ही काय चीज आहे. तरी सगळे तिच्यावर फिदा, कारण ती सुंदर आहे आणि सुंदरच राहते. पहिल्या भागात देखणेपण गेलं म्हणून ज्याला टाकलं तो मनाने निर्मळ होता, आणि हिच्या मनात काही नाही पण चेहरा टिकलाय म्हणून हिला नाचायला बोलावतात. गळ्याला बांधलेल्या रिबनकडे लक्ष असू द्या. त्यानंतर नाचाचा जो सीन येतो तो १९७३ च्या टीव्हीवर दाखवला गेला यावर विश्वास बसत नाही, त्याबद्दल मी एक शब्द जास्त सांगणार नाही.

लहान मुलांना घेऊन बसायचा विचार असेल तर हा सीन आधी स्वतः बघा आणि मग ठरवा. रक्ताचा फार मारा नाही, पण मनात राहणारं आहे.

टीव्हीपणाबद्दल दोन शब्द. काही ठिकाणी सेट सेटसारखेच वाटतात, समुद्र आणि बर्फ तर उघडच स्टुडिओतले वाटतात, दर थोड्या वेळाने सीन असा संपतो की पुढे जाहिरात येणार हे कळतं. याची चिडचिड करून घेऊ नका. लाइट जरा कमी करून बघितला तर ते सेट उलट छान दिसतात, रंगीत पुस्तकातल्या चित्रांसारखे. आर्थर इबेट्सनच्या कॅमेऱ्यात पहिल्या भागात ऊबदार रंग खूप आहेत आणि दुसऱ्या भागात तो थंड होत जातो, निदान मला तरी तसं दिसलं. जुन्या, धुरकट कॉपीत यातलं काहीच कळत नाही, परत सांगते, चांगली कॉपी शोधा. सबटायटल्स लावा, मेसन आणि गिलगुडचं इंग्रजी साफ आहे पण काही संवाद हळू आवाजात आहेत आणि तेच महत्त्वाचे.

शेवटचा भाग जहाजावर आणि बर्फात होतो, पुस्तकासारखाच उत्तरेला. इथे विजेचं काम येतं आणि पॉलिडोरीला ज्याची भीती असते तेच त्याच्या पुढ्यात येतं. शेवटाला व्हिक्टर आणि क्रीचर दोघेच उरतात, आणि त्यांच्यात जे बोलणं होतं ते अगदी थोडं आहे, तेव्हा त्या दहा मिनिटांत मोबाइल खरंच लांब ठेवा.

बघून झाल्यावर लगेच रिव्ह्यू शोधायला जाऊ नका, बहुतेक ठिकाणी पुस्तकाशी किती जुळतो याचाच हिशोब मांडलेला असतो. त्यापेक्षा पुस्तकातलं क्रीचरचं स्वतःचं बोलणं वाचा, अकराव्या ते सोळाव्या प्रकरणात तो आपली कहाणी व्हिक्टरला सांगतो. पिक्चरमधल्या क्रीचरला एवढं बोलायला मिळत नाही, त्याच्या जागी सॅराझिनचे डोळे आहेत, आणि पुस्तकातली ती पानं वाचताना तेच डोळे समोर येतात.

सोबत कोणी बघत असेल तर एक प्रश्न विचारून बघा, की व्हिक्टरचं प्रेम कुणावर होतं, समोरच्या त्या जिवावर की आपण काहीतरी देखणं बनवलं या गोष्टीवर? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं पण शेवटच्या सीननंतर मी तेवढी ठाम राहत नाही, आणि या प्रश्नावर माणसं चांगलीच भांडतात.

दुसऱ्यांदा बघणार असाल, आणि बघाच, तर क्लर्व्हलच्या मेंदूचा धागा धरून बघा. क्रीचर नवीन जन्मलेला आहे की त्याच्यात हेन्रीचं काही उरलंय? पिक्चर दोन-तीन ठिकाणी हळूच हो म्हणतो. असं धरलं तर व्हिक्टरने टाकून दिलेला माणूस कोण होता याचं उत्तरच बदलतं, आणि ऑपेरापासून बर्फापर्यंतचा प्रत्येक सीन नव्याने बघावा लागतो.